वही क्र. १२ : एसीचं पाणी

सोमवार, ९ सप्टेंबर

नवी वही काढली. क्रमांक बारा. विषय : एसीतून खोलीत पडणारं पाणी.

माझी पद्धत अशी की ज्यात बिघाड, त्याची वेगळी वही. वही चार मोटारीची, सात आणि आठ स्कूटरची. आधी आठ दिवस नुसतं पाहायचं, मोजायचं, लिहायचं. मग हात लावायचा. शिक्षण दहावी. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर एकोणतीस वर्षं नोकरी, आजवर एका गाडीचं वजन फिरून करावं लागलं नाही. वीज, नळजोडणी, रक्तदाब, होमिओपॅथी, सगळं पुस्तकं आणून शिकलो. या घरात सव्वीस वर्षांत दुरुस्तीला मिस्त्रीचा पाय लागलेला नाही.

वही अकरा बंद केली आहे. कपाटात आहे.

यंत्र एक टनाचं. मधल्या खोलीत, पलंगाच्या डोक्यावर. मागच्या वर्षी मे महिन्यात घेतलं. जुलैपासून बंद होतं. शुक्रवारी ६ तारखेला चालू करून पाहिलं, कारण नीरजा बाळंतपणाला येणार. पहिले दोन दिवस एक थेंब नाही. काल दुपारी डाव्या कोपऱ्यातून सुरुवात. मिनिटाला चौदा थेंब. थेंब पलंगाच्या डाव्या अंगाला पडतो, म्हणजे उशीच्या जागी. पलंग तीन फूट सरकवला. खाली पातेलं ठेवलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

फिल्टर काढून धुतले. ही सफाई, दुरुस्ती नव्हे. जाळीत धूळ, कापसाचे तंतू (जिनिंगच्या गावात हे असणारच) आणि एक केस. लांबी एकोणीस इंच. पांढरा, टोकाकडे मेंदीचा रंग. कागदात गुंडाळून ठेवला.

फिल्टर बसवून तीन तास चालवलं. थेंब मिनिटाला तेरा. फरक नाही.

शेजारच्या अन्नपूर्णाबाई कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या. त्यांचं मागं भाजीचं वावर आहे. पातेलं पाहून म्हणाल्या, "नीळकंठभाऊ, स्लॅब गळून राह्यला काय?"

"एसी."

"मंग बलावा ना कोनाले."

"मी आहे ना."

"हाव. तुमी तं हायेच," असं म्हणून कोथिंबीर ओट्यावर ठेवून गेल्या.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

काय काय तपासायची गरज नाही, ते आधी लिहून ठेवतो. म्हणजे वेळ वाचतो.

बाहेरची बाजू तपासायची गरज नाही. ती मी २४ जुलैला, बायकोचं, शरयूचं, तेरावं झाल्यावर घर आवरलं तेव्हाच नीट केली. एसीची पाण्याची नळी मागच्या भिंतीतून बाहेर निघते. शरयूनं तिच्याखाली वीस लिटरचा कॅन ठेवलेला. आमच्याकडे नळ आठव्या-नवव्या दिवशी येतात, त्यामुळे ती एसीचं पाणी सांडू देत नसे. रोज सकाळी कॅन ओतून फरशी पुसायची, मोगऱ्याला घालायची. नळी तिनं लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं खिडकीच्या गजाला टांगून ठेवली होती, कॅनच्या तोंडापासून वीतभर वर. थेंब कसेही उडायचे, भिंतीवर शेवाळ धरलेलं. मी चिंधी सोडली, शेवाळ खरवडलं, नळी कॅनमध्ये तळापर्यंत घातली आणि तोंडाभोवती एमसील लावून पक्कं बंद केलं. डेंग्यूचे दिवस, डासांची सोय नको. काम सुबक झालं आहे.

शरयू तोंड उघडं ठेवायची. म्हणायची, "अहो, पाण्यालेबी दम घ्या लागते." मी तिला हवेचा दाब एकदा कागदावर काढून समजावून दिला होता. ती हसली आणि कणीक मळायला गेली.

रविवार, १५ सप्टेंबर

नीरजाचा फोन. नीरजा माझी मुलगी, एकुलती. नांदुऱ्याला दिली आहे. आठवा लागला. तारीख २० नोव्हेंबर.

म्हणाली, "बाबा, आई म्हणतात बाळंतपण इथंच करू." हल्ली ती सासूला आई म्हणते. "तिथं बाईमाणूस कोण आहे, असं त्यांचं म्हणणं."

मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरीच होत असतं. सगळी तयारी करतो आहे. डिंक, खोबरं, खारीक आणून ठेवली. शेक-शेगडीसाठी बाई पाहिली. बाळाची आंघोळ, टाळू भरणं, याचं पुस्तक आणलं, दीडशे पानं झाली. दसऱ्यानंतर ये, तोवर खोली तयार होते.

"खोलीला काय झालं?"

"एसीतून पाणी पडतं. शोधतो आहे."

"मिस्त्री बोलावला का?"

"नाही."

"बरं," म्हणाली.

वेळ : सहा मिनिटं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

पाणसळ लावून पाहिली. यंत्र उजवीकडे चार मिलिमीटरनं उतरतं आहे, नळी डावीकडे. म्हणजे ट्रेमधलं पाणी नळीकडे जातच नसणार. उजवीकडच्या हुकाखाली पत्र्याची पट्टी घालून उचललं. बसवणाऱ्यानं दुर्लक्ष केलेलं दिसतं. मी त्या दिवशी काट्यावर होतो.

आनंद झाला, असं लिहायला हवं. कारण सापडलं की मी तसं लिहितो. आज तसं काही झालं नाही. हात धुतले. जेवलो. पोळ्या खानावळीतून येतात, दोन उरतात.

शुक्रवार, २० सप्टेंबर

मिनिटाला अकरा थेंब. पातेलं लहान पडतं, बादली ठेवली.

नवीन लक्षण : दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, एसी बंद असतानाही, आतून गुळगुळ आवाज येतो. थांबतो, परत येतो. अन्नपूर्णाबाई भाजी दिलेली वाटी परत न्यायला आल्या होत्या. दारातच थबकल्या.

"आयकलं काय भाऊ?"

"हवा आहे. नळीतली."

"शरयू अशीच बोले. अर्धं तोंडातल्या तोंडात." पदर सावरून म्हणाल्या, "पानी मांगून राह्यली असन ते. जाता जाता घोटभर भेटलं का नाई कोनाले मालूम."

मी सांगितलं की बंद जागेतली हवा उन्हानं फुगते आणि वाट मिळेल तिकडे जाते. प्राथमिक विज्ञान आहे.

"मंग कोनती जागा बंद हाय, ते पाहा ना," म्हणाल्या.

बाईंचं शिक्षण दुसरी. वाद घातला नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

आज नळीचा निकाल लावला. एसी शुक्रवारपासून बंद ठेवला होता. सकाळी सहा वाजता, हवा गार असताना, आतलं झाकण उघडून ट्रेमध्ये मापानं पाणी ओतलं. अर्धा लिटर सरळ गेलं. मागच्या खिडकीतून पाहिलं, कॅनमध्ये तीन बोटं पाणी दिसतं. म्हणजे नळी मोकळी आहे आणि पाणी कॅनपर्यंत पोचतं आहे. सिद्ध.

आता उरलं कॉइलवर बर्फ धरणं, म्हणजे गॅस कमी. त्याचं पुस्तक अकोल्याहून मागवावं लागेल.

मागच्या अंगणात गेलो नाही. खिडकीतून दिसत होतं. मोगरा वाळला आहे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

घडलं तसंच्या तसं लिहितो.

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नीरजाचा फोन. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "बाबा, मला आता जिना चढताना दम लागतो."

मी विचारलं, "किती पायऱ्यांनंतर?"

"सात-आठ."

"बसल्यावर किती वेळात जातो?"

मग म्हणाली, "बाबा, वही काढली ना तुम्ही?"

मी काढली होती. कोरी, क्रमांक तेरा. मागच्याच आठवड्यात आणून ठेवली होती. पान उलटल्याचा आवाज फोनमध्ये गेला असणार.

"लिहिलेलं असलं की लक्षात राहतं," मी म्हटलं.

"मी इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं काल. संघर्ष घेऊन गेला, मी म्हटल्याबरोबर. या दिवसांत थोडं होतं म्हणाल्या. ठीक आहे सगळं." संघर्ष म्हणजे जावई. "मी तुम्हाला फक्त सांगून पाहिलं."

"पाहिलं म्हणजे?"

"तुम्ही काय म्हणता ते."

मग म्हणाली, "मी नांदुऱ्यालाच राहते, बाबा. मला रात्री-बेरात्री काही झालं तर तुम्ही गाडी काढाल की वही काढाल, हे मला सांगता येत नाही. राग मानू नका."

मी राग मानला नाही. काहीच मानलं नाही. एसीखालची बादली भरली होती, ती ओतली.

शनिवार, २८ सप्टेंबर

नऊ थेंब.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

घट बसले. आपल्याकडे यंदा नाही.

ऊन फार. काट्यावर पहिला कापूस आला, ओला. गाडीवाल्याला म्हटलं, हा पाण्याचा वजनकाटा नाही. तो म्हणाला, "साहेब, अंदर काय हाय ते बाहिरून थोडी दिसते." खरं आहे. हात घातल्याशिवाय कळत नाही.

घरी आल्यावर डिंकाचा डबा उघडून पाहिला. मुंग्या लागल्या आहेत. तो वरच्या फळीवर ठेवला. कोणासाठी ठेवला, ते डब्यावर लिहिलेलं नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

मिस्त्री बोलावला.

का बोलावला, याची कारणं लिहायला बसलो आणि खोडली. खोली तयार नाही. नीरजा येणार नाही, तरी खोली तयार नाही, हे चालत नव्हतं. एवढंच.

नाव गणेश, एसी-फ्रिजचं काम करतो, वय पस्तिशीचं. दहा वाजता आला. मी वही पुढं केली. अठ्ठावीस दिवसांच्या नोंदी, आकृती, कोष्टक. त्यानं वही हातात घेतली, पानं चाळली, म्हणाला, "बाप रे काका, माह्याजवळ कामाले या." आणि परत दिली.

मी झाकणाचे स्क्रू काढायला स्टूल मांडलं. म्हणाला, "ते नका खोलू. पानी कुठं जाते, ते दाखवा पयले."

"कॅनमध्ये. ती बाजू तपासलेली आहे."

"तरी दाखवा."

मागच्या दाराची कडी गंजली होती. त्यानंच ओढली. कॅनपाशी उकिडवा बसला, दोन्ही हातांनी दाबून पाहिला. "पाहा, कशी फुगली डबकी. टन्न झाली." खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून एमसीलखाली घातला आणि पिरगाळला.

हवा सुटली. मोठ्यानं, लांब. कुंपणापलीकडून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला, "कोनं सुस्कारा टाकला वं माय?"

त्यानं नळी उचलून हातात धरली. आधी बुडबुडे आले, मग धार. त्याच्या पायावर, वाळक्या मोगऱ्यावर, फरशीवर. बराच वेळ पडत होतं. आतल्या खोलीत गेलो. थेंब थांबला होता.

परत आलो तेव्हा तो सीलचा तुकडा बोटांत फिरवत होता. "आतली हवा बाहीर नाई निंघाली, तं पानी अंदर कसं जाईन? थोडं-थोडं जाये, मंग नळीतच तुंबे. मंग ते वापस घरात." माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, हे तोंड कोनं बंद केलं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"ज्यानं केलं त्यानं लय मन लावून केलं," तो म्हणाला.

चहा घेतला नाही त्यानं. पुढचं काम होतं.

त्याच दिवशी, दुपारी

"माहीत नाही" हे मी का म्हटलं, ते शोधतो आहे. १३ सप्टेंबरची नोंद माझ्याच अक्षरात आहे. काम सुबक झालं आहे, असं लिहिलं आहे.

असंच मी आणखी एकदा बोललो आहे.

सोमवार, ७ ऑक्टोबर

वही अकरा काढली. रजा टाकली होती.

विषय : शरयूचा दम. सुरुवात १७ जून. काही नोंदी जशा आहेत तशा उतरवतो.

१७ जून. ऑक्सिजन ९६. दम थोडा. कारण : गच्चीचा जिना.
२४ जून. ९३. दम ओट्यापाशी. कारण : फोडणीचा धूर. खिडकी उघडी ठेवण्यास सांगितले.
२९ जून. ९१. बोटाला लावायच्या यंत्राचे सेल बदलले.
३० जून. ९१. सेल नवे आहेत. बोट गार असेल. चोळून ९२.
३ जुलै. ८९. बसून झोपली. उशा तीन. म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. म्हटलं, आठ दिवसांच्या नोंदी सलग होऊ दे.
५ जुलै. पाय सुजले.
६ जुलै. नोंद नाही.

६ जुलैला अन्नपूर्णाबाईंनी तिला पाहिलं आणि मला न विचारता गाडी बोलावली. संभाजीनगरच्या दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, "दम कधीपासून लागतो?"

मी म्हटलं, "दोन-चार दिवस झाले."

एकोणीस दिवस झाले होते. वही पिशवीत होती. शरयूच्या तोंडावर मास्क होता. ती माझ्याकडे पाहत होती. तिनं डोळे मिटले, मग परत उघडले. माझं खोटं उघडं पाडलं नाही.

डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं आहे, आधी आणायला हवं होतं. अकरा तारखेला गेली.

तिनं कितीदा सांगितलं ते वहीत आहे. मोजलं. सोळा वेळा. प्रत्येक वेळी मी नीट लिहून घेतलं आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

सकाळच्या एसटीनं नांदुऱ्याला गेलो. खामगावला गाडी बदलली. मांडीवर वही अकरा होती. दोन्ही गाड्यांत काहीच लिहिलं नाही.

नीरजा दारातच म्हणाली, "बाबा, न सांगता?" पायांवर सूज नव्हती. मी पाहिलं. विचारलं नाही.

विहीणबाईंनी पाणी दिलं, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि "पोहे टाकते," म्हणून आत गेल्या.

मी वही तिच्या हातात दिली. म्हटलं, "डॉक्टरांना मी दोन-चार दिवस सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं यात आहे."

तिनं पानं उलटली. ३ जुलैवर बराच वेळ थांबली. मग वही मिटून मांडीवर ठेवली, पोटाला टेकून.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "जूनपासून आई फोनवर एक वाक्य पुरं करत नव्हती. मी तुम्हाला म्हटलं पण होतं. तुम्ही म्हणालात, नोंदी चालू आहेत."

"हो."

"मी पण आले नाही ना, बाबा. मी पण ऐकलं तुमचं. तुम्हाला सगळं येतं, असंच वाटायचं आम्हाला."

मी तिला एसीचं सांगितलं. चिंधी, एमसील, गणेश. तोंड कोणी बंद केलं म्हणून त्यानं विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं.

"मग?"

"मले लाज वाटली," मी म्हटलं. तिच्याशी मी असं बोलत नाही. शुद्ध बोलतो. तोंडातून तसंच आलं.

ती रडली. मी बसून राहिलो. मला रडू आलं नाही. पोहे आले. मिरचीचे तुकडे बाजूला काढून खाल्ले.

निघताना तिनं वही परत दिली नाही. "ही माझ्याकडे राहू द्या." मग दाराशी म्हणाली, "आले तर माझी वही नाही काढायची."

"नाही."

"मी म्हटलं दम लागतो, तर?"

"गाडी."

"कारण?"

"गाडीत बसल्यावर विचारीन."

तिला हसू आलं थोडं. की तोंड पुसलं, ते नीट दिसलं नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

नीरजा आली. संघर्ष सोडून गेला. विहीणबाई पुढच्या आठवड्यात येतील आणि महिनाभर इथंच राहतील. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मी काय मेली काय? दोघी मिळून करू."

गावातल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात नाव घातलं. डॉक्टरीणबाई, गाडीवाला आणि गणेश, तिघांचे नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावले. वही तेरा अन्नपूर्णाबाईंना भाजीच्या हिशेबाला दिली.

दुपारी एसी लावला. नीरजा पाठीला हात लावत मागच्या अंगणात गेली. सील केलेला कॅन मी फेकला होता, तिथं साधी बादली होती. तिनं नळी हातात घेतली, म्हणाली, "आईची चिंधी कुठंय?" ती मी धुऊन, घडी करून ठेवली होती. केसाच्या पुडीशेजारी. काढून दिली.

तिनं गजाला नळी बांधली. सैल, तिरकी. मी म्हणणार होतो की गाठ इथं नको. म्हटलं नाही.

"राहू द्या ना अशीच," ती म्हणाली. "पाण्यालेबी दम घ्या लागते."

तिला हे वाक्य कुठून मिळालं, ते विचारायची गरज नव्हती.

आता ती आत झोपली आहे, पलंग परत जागेवर आहे. मी मागच्या पायरीवर बसून हे लिहितो आहे. थेंब बादलीत पडतो, काही भिंतीवर उडतात. मोगऱ्याला खालून एक कोंब आहे, किंवा तण असेल. मिनिटाला किती थेंब, ते मोजलेलं नाही.